जर्मन शेजाऱ्यांकडे पहिलं जेवण

सातला बोलावलंय ना, मग सातलाच बेल वाजव. शाकाहारी असशील तर आमंत्रण मिळताच सांग, आणि मासेही खात नाहीस हे वेगळं सांग, नाहीतर प्रेमाने सॅल्मन पुढ्यात येईल! 'आबेंडब्रोट' (त्यांचं संध्याकाळचं पाव-जेवण) असेल तर पाव, चीज, आंबवलेली काकडी, मांसाचे काप असं थंडच असतं. गरम जेवणाची वाट बघू नकोस. रविवारी दुकानं बहुतेक बंद, म्हणून न्यायची फुलं शनिवारीच घे. यजमान 'गुटेन आपेटीट' (म्हणजे 'चवीने जेवा') म्हणेपर्यंत घास उचलायचा नाही. ग्लास भिडवताना समोरच्याच्या डोळ्यांत बघ, हे ते फार मनावर घेतात. पुढे तू बोलवशील तेव्हा आपल्यासारखा आग्रह करू नकोस, आणि मिसळीऐवजी बटाट्याची भाजी-पुरी कर, मिरची बेताने.