घड्याळ साडेपाच तास मागे आणि ‘काम’चं झालं डी-के-ई

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. घरगुती कॉम्प्युटरना नोंदणी केली तर एका वर्षाची मुदतवाढ आहे, पण ते किती जणांना माहीत असणार. तेव्हापासून या सदराकडे येणारी निम्मी पत्रं एकाच रडगाण्याची आहेत, सिस्टीम बदलली आणि आता काहीच जागेवर सापडत नाहीये. म्हणून या वेळी फक्त तेवढेच प्रश्न घेतो.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका. माझा २०१४ चा लॅपटॉप विंडोज ११ घेत नाही म्हणून भाच्याने दिवाळीत त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकटातली सिस्टीम टाकून दिली आणि तो गेला परत बंगलोरला. लॅपटॉप पळतोय छान, पण माझी पंधरा वर्षांची भाषणं, बालनाट्यं, शाळेची स्मरणिका, काहीही उघडलं की इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. भाचा म्हणतो, मावशी फाइल्स तर सगळ्या आहेत ना. आहेत हो, पण वाचता येत नाहीत त्याचं काय? (चिपळूण)

उत्तर : बाई, आधी हे वाचा म्हणजे जीव भांड्यात पडेल. तुमचं एक अक्षरही हरवलेलं नाही. युनिकोड (म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक) घरोघरी यायच्या आधीचे जे मराठी फॉन्ट होते ते खरं तर इंग्रजी अक्षरांना मराठी मुखवटे घालायचे. कृती देवचं उदाहरण घ्या, त्यात ‘काम’ हा शब्द फाइलमध्ये डी-के-ई असा साठवलेला असतो, फॉन्ट तिथे असला की डीच्या जागी क दिसतो, केच्या जागी काना आणि ईच्या जागी म. फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो आणि खालचं डी-के-ई उघडं पडतं. तुमच्या जुन्या विंडोजमध्ये तो फॉन्ट होता आणि मिंटमध्ये नाहीये, एवढीच भानगड आहे.

तुमचा फॉन्ट कोणता ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण ते शोधणं सोपं आहे. फाइल लिबरऑफिसमध्ये, म्हणजे मिंटमधल्या वर्डच्या भावंडात, उघडा, त्या भेळेवर क्लिक करा आणि वर फॉन्टच्या चौकटीत बघा. जे नाव तिरक्या अक्षरात दिसेल तो तुमचा गायब फॉन्ट. आता भाच्याला फोन करून एकच विचारा, जुनं विंडोज पुसलंस की बाजूला ठेवलंयस? बाजूला असेल तर त्यातल्या विंडोज फोल्डरच्या आत फॉन्ट्स नावाचं फोल्डर असतं, तिथून ती फाइल उचलून आणायची, डबल-क्लिक केलं की इन्स्टॉलचं बटण येतं, मग लिबरऑफिस पूर्ण बंद करून पुन्हा उघडायचं. पुसलं असेल तर मराठी सॉफ्टवेअरची जुनी सीडी कपाटात शोधा, तीही नसेल तर स्मरणिका जिथे छापली त्या डीटीपीवाल्याकडे तो फॉन्ट नक्की असणार. (भाच्याला रागावू नका, पण फॉन्टचा बॅकअप घ्यायचं चांगल्या चांगल्यांना सुचत नाही, आणि माझं स्वतःचं एक अख्खं दिवाळी अंकाचं काम असंच अडकलं होतं त्यामुळे मी बोलण्याच्या लायकीचा नाही.)

इतकं केलंत की जुनं वाचता येईल. पण वाचता आलं म्हणजे काम झालं असं समजू नका, कारण या फाइल्स तुम्ही मेलने कुणाला पाठवल्यात तर समोरच्याला पुन्हा भेळच. म्हणून निवांत वेळ काढून त्या युनिकोडमध्ये करून घ्या, त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, फुकट मिळतात. मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप व्हायची आणि रफार अक्षराच्या नंतर, युनिकोडमध्ये दोन्हीचं बरोब्बर उलटं आहे, त्यामुळे कन्व्हर्टर अडखळतात ते नेमके तिथेच. ‘किर्तन’ झालंय की ‘कीर्तन’, ‘दुसऱ्या’चा र कुठे गेला, हे सगळं वाचून काढावं लागेल. मूळ फाइल मात्र ठेवाच.

आता नवीन लिहायचं. मिंटच्या मेनूत इनपुट मेथड म्हणून एक गोष्ट आहे, तिथून आयबस सुरू करा आणि त्यात एम१७एन हा भाग घाला, मग मराठीसाठी इन्स्क्रिप्ट (भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड), फोनेटिक (इंग्रजी उच्चाराने लिहायचा) असे पर्याय दिसायला लागतात. तुमचा हात टाइपरायटरवर बसलेला असेल तर इन्स्क्रिप्ट पहिले आठ-दहा दिवस शत्रू वाटेल, मीही पहिल्या दिवशी कीबोर्ड आपटायचा बाकी ठेवला होता, पण शिकाच, कारण तो विंडोजवर आहे, मॅकवर आहे, एकदा बसला की पुन्हा घर बदललं तरी हात तोच राहतो. ‘दुसऱ्या’मधला तो अर्धा र हवा असेल तर शिफ्ट धरून जे, मग डी, मग य.

अजून एक. मंगल फॉन्टमधल्या फाइल्स वाचता येतील पण पानं सरकतील, कारण मंगल विंडोजबरोबर येतो, मिंटमध्ये त्याच्या जागी दुसरा फॉन्ट बसतो आणि सव्वीस पानांचं बालनाट्य अठ्ठावीस पानांचं होतं. मी म्हणेन मंगलचा नाद सोडा आणि मुक्ता घ्या, फुकट आहे आणि सगळीकडे चालतो. ल आणि श हिंदी वळणाचे दिसले तर लिबरऑफिसच्या भाषांच्या सेटिंगमध्ये मराठी निवडा, मग बऱ्याच फॉन्टमध्ये ते आपल्या वळणाचे होतात. छापखान्यात द्यायचं ते पीडीएफ करूनच द्या.

प्रश्न : सर मी इंजिनिअरिंगला आहे, लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू दोन्ही ठेवलेत. उबुंटू वापरून विंडोजमध्ये गेलो की घड्याळ चुकतं, सकाळी दहाच्या लेक्चरला साडेचार दाखवतं, मी झोपूनच राहिलो होतो. आणि उबुंटूमधून डी ड्राइव्हमध्ये काहीच सेव्ह होत नाही. बॅटरी गेली का? (नांदेड)

उत्तर : बॅटरी ठणठणीत आहे रे, तुझ्या लॅपटॉपमध्ये दोन भाडेकरू एकाच घड्याळावरून भांडतायत. मदरबोर्डवर एक छोटं घड्याळ असतं. विंडोज त्यात स्थानिक वेळ लिहितं आणि लिनक्स (तुझं उबुंटू म्हणजे लिनक्सच) ग्रीनिचची, आपण ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, म्हणून दहाचे साडेचार. लंडनच्या पोराला हिवाळ्यात हा त्रास कळतही नसेल. उपाय असा की लिनक्सलाच सांगायचं, बाबा तूही स्थानिक वेळ लिही. टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल, मग जागा सोडून सेट-लोकल-आरटीसी, मग जागा सोडून १, अर्थात सगळं इंग्रजीत टाईप करायचं, रेघा आहेत तिथे रेघा. लिनक्स यावर कुरकुर करतं, करू दे.

डी ड्राइव्हचं कारण वेगळं आहे. विंडोजमध्ये शटडाऊन केलंस तरी ते खऱ्या अर्थाने बंद होत नाही, फास्ट स्टार्टअपमुळे अर्धवट झोपतं आणि झोपताना डिस्कला कडी लावून झोपतं. लिनक्सला ती कडी दिसते, मग ते ड्राइव्ह फक्त वाचायला देतं. जबरदस्तीने उघडायच्या युक्त्या नेटवर सापडतील, त्या करू नकोस, फाइल्स जातात. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअपची टिक काढ. तोपर्यंत लिनक्समध्ये यायचं असेल तेव्हा शटडाऊनऐवजी रीस्टार्ट करत जा, त्यात ते पूर्ण बंद होतं. आणि बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप, चालू असेल तर त्याची ४८ आकडी की आजच कागदावर लिहून ठेव, मागेल त्या दिवशी रविवार असेल आणि तुझा प्रोजेक्ट सोमवारी.

प्रश्न : आमचा सुताचा धंदा आहे. दुकानातला कॉम्प्युटर जुना, मुलगा म्हणतो लिनक्स टाकू, फुकटात होईल. टॅली चालेल ना? (इचलकरंजी)

उत्तर : नाही, मालक. टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे, विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवणाऱ्या वाईन नावाच्या जुगाडातून कधी चालतं कधी रुसतं, आणि रुसणार ते बरोब्बर जीएसटी भरायच्या दिवशी. शिवाय सही करायचं यूएसबी टोकन, लेबल छापायचा प्रिंटर, सगळ्यांचे ड्रायव्हर शोधत बसावं लागेल. दुकानासाठी आठव्या पिढीचा इंटेल किंवा त्यानंतरचा सेकंडहँड कॉम्प्युटर घ्या, त्यावर विंडोज ११ बसतं. जुना मुलाला द्या, त्याला करू दे काय ते.

प्रश्न : नवीन ऑफिसने मॅक दिलाय. बारा वर्षं विंडोजवर काढली आणि आता फाइल उघडायला एंटर मारला तर ती नाव बदलायला लागते! लाल बटणाने बंद केलेलं बंद होत नाही, कट सापडत नाही, पेन ड्राइव्हमध्ये फाइल जात नाही. शेजारचा ज्युनिअर हसतो. मी मूर्ख आहे का? (पुणे)

उत्तर : अजिबात नाही ताई, हात हुशार आहेत म्हणूनच अडखळतायत, त्यांनी बारा वर्षं जे शिकलं तेच ते इमानदारीत करतायत. फाइंडरमध्ये (मॅकवर फाइल्स दिसतात ती खिडकी) एंटर म्हणजे नाव बदला, उघडायला कमांड आणि ओ. लाल बटण फक्त खिडकी बंद करतं, दुकान चालूच राहतं, कुलूप लावायला कमांड आणि क्यू. कट करायचं तर आधी साधं कमांड-सी करा आणि पेस्ट करताना कमांडबरोबर ऑप्शनही दाबून व्ही, म्हणजे कापायचं की नाही ते चिकटवताना ठरवायचं, मला विचाराल तर हीच पद्धत जास्त शहाणी वाटते कारण अर्ध्या वाटेत विचार बदलला तरी फाइल जागेवर असते. डिलीट की मागचं अक्षर खोडते, पुढचं खोडायला एफएन धरून डिलीट.

पेन ड्राइव्ह बहुतेक विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल, तो मॅक वाचतो पण त्यात लिहीत नाही. आतलं सगळं आधी दुसरीकडे काढून ठेवा आणि तो एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करून घ्या, मग दोन्हीकडे चालेल. फॉरमॅटमध्ये सगळं पुसलं जातं, म्हणून दोनदा बघा. घरी अजून विंडोजच असेल तर कीबोर्ड सेटिंगमध्ये मॉडिफायर कीजमधून कंट्रोल आणि कमांडची अदलाबदल करता येते. काही जण त्याला चीटिंग म्हणतात, म्हणू द्या. ज्युनिअरला एकदा विंडोजवर बसवा आणि त्याला विंडोज की कमांड समजून दाबताना बघा.

प्रश्न : आईच्या कॉम्प्युटरवर मिंट टाकलं. ती बाकी कशालाच नाही म्हणाली नाही, फक्त रोज विचारते माझे पत्ते कुठे गेले. (डोंबिवली)

उत्तर : सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये आयलरायट (AisleRiot) शोधा, फुकट आहे, त्यात पत्त्यांचे ऐंशीहून जास्त खेळ आहेत. आईंचा जुना सॉलिटेअर त्यात क्लोंडाइक या नावाने आहे आणि स्पायडरही आहे. तो डेस्कटॉपवर डाव्या कोपऱ्यात, पूर्वी जिथे होता तिथेच ठेवा.