ल्याँ, बार्सिलोना यांच्या आधी महिला फुटबॉलमध्ये एखादा मोठा क्लब होऊन गेला का? आणि गेला असेल तर तो बंद का पडला?

होऊन गेला, आणि तोही शंभर वर्षांपूर्वी. तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की महिला फुटबॉलला प्रेक्षक मिळू लागले ते १९९१ च्या पहिल्या विश्वचषकानंतर. हा समज फार पसरलेला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. फ्रान्सच्या ल्याँने चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा, आठ वेळा जिंकली, त्यांच्याबद्दल आदर आहेच. पण माझ्या लेखी सगळ्यांत मोठा महिला क्लब इंग्लंडमधल्या प्रेस्टनचा: डिक, कर लेडीज.

हे नाव कारखान्याचं. डिक, कर आणि कंपनी ट्राम आणि रेल्वेची सामग्री बनवायची. पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले, कारखान्यात दारूगोळा तयार होऊ लागला आणि यंत्रांवर बायका उभ्या राहिल्या. जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या आवारात त्या चेंडू खेळायच्या. तिथल्याच कचेरीत काम करणाऱ्या अल्फ्रेड फ्रँकलंड यांनी त्यांचा रीतसर संघ बांधला. २५ डिसेंबर १९१७ ला, ऐन नाताळात, प्रेस्टन नॉर्थ एंड क्लबच्या डीपडेल मैदानावर त्यांचा सामना झाला. दहा हजार लोक आले, संघ ४-० ने जिंकला आणि तिकिटांचे पैसे जखमी सैनिकांच्या इस्पितळाला गेले.

युद्ध संपलं, पण या मुली थांबल्या नाहीत. १९२० मध्ये फ्रान्सचा संघ इंग्लंडला आला, मग याही फ्रान्सला जाऊन खेळल्या. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांनी रात्रीचा सामना खेळला, तो सैन्याच्या सर्चलाइटच्या उजेडात. त्या दिव्यांसाठी थेट युद्धमंत्रालयाची परवानगी काढली होती. तेव्हाचे युद्धमंत्री होते विन्स्टन चर्चिल!

आणि मग २६ डिसेंबर १९२०. लिव्हरपूलचं गुडिसन पार्क मैदान, समोर जवळच्याच सेंट हेलन्स गावचा महिला संघ. आत त्रेपन्न हजार प्रेक्षक आणि बाहेर जागा नाही म्हणून परत गेलेले हजारो. धर्मादाय कामासाठी एका दिवसात तीन हजार पौंडांहून अधिक रक्कम जमली. इंग्लंडमध्ये महिला क्लबांच्या सामन्याला त्याहून जास्त गर्दी व्हायला २०२३ साल उजाडलं. १९९१ च्या समजुतीला माझं उत्तर हा एक आकडाच आहे.

खेळाडूंमध्ये एकच नाव लक्षात ठेवायचं तर लिली पार. सेंट हेलन्सच्या कामगार घरातली ही उंच मुलगी १९२० मध्ये, जेमतेम पंधराची असताना, डिक, करच्या संघात आली आणि १९५१ पर्यंत खेळली. लेफ्ट विंगवरून, म्हणजे मैदानाच्या डाव्या कडेने, तिचा फटका एवढा जबर असायचा की तिच्या काळातले लोक त्याची तुलना पुरुष खेळाडूंशी करायचे. तिच्या नावावर नऊशेहून अधिक गोल सांगितले जातात. फुटबॉलवर घर चालत नव्हतं, म्हणून ती मनोरुग्णालयात परिचारिका होती.

एवढं यश मिळाल्यावर काय व्हायला हवं होतं? झालं ते उलटंच. ५ डिसेंबर १९२१ ला इंग्लंडमधला फुटबॉल चालवणाऱ्या फुटबॉल असोसिएशन या संघटनेने ठराव केला: हा खेळ स्त्रियांना अयोग्य आहे, संलग्न क्लबांनी त्यांना मैदानं देऊ नयेत. जमलेल्या पैशातला फार मोठा वाटा खर्चात जातो, असाही ठपका ठेवला. कर्णधार अ‍ॅलिस केल यांनी जाहीरपणे विरोध केला. या कष्टकरी मुली होत्या, सामन्यासाठी रजा घेतली तर पगार बुडायचा. तो भरून निघण्यापुरते पैसे घेणं त्यांना गैर वाटत नव्हतं. मलाही वाटत नाही. त्या वर्षी संघाने सदुसष्ट सामने खेळले होते, काही सामन्यांचे पैसे संपात होरपळलेल्या खाण कामगारांच्या घरांसाठीही गोळा झाले होते. पुरुषांच्या संघटनेच्या हाताबाहेर इतका पैसा आणि इतकी लोकप्रियता जात होती, हेच बंदीचं खरं कारण होतं असं मला ठामपणे वाटतं. स्त्रीच्या शरीराला फुटबॉल झेपत नाही, असं सांगणारे डॉक्टर तेवढ्यासाठी पुढे केले गेले.

बंदीनंतर वर्षभरातच संघ कॅनडाला निघाला. तिथल्या संघटनेने खेळू दिलं नाही, म्हणून अमेरिकेत गेला, तर तिथे समोर पुरुषांचे संघ उभे. नऊ सामन्यांत तीन जिंकले, तीन बरोबरीत, तीन हरले.

पुढे कारखान्याने हात काढून घेतला आणि १९२६ पासून हाच संघ प्रेस्टन लेडीज म्हणून ओळखला जाऊ लागला. मोठी मैदानं बंद असल्यामुळे मिळेल त्या हिरवळीवर खेळायचं, तेही नोकरी सांभाळून. असं करत त्यांनी एकूण आठशेहून जास्त सामने खेळले आणि त्यातले साडेसातशेहून जास्त जिंकले.

बंद का पडला, हा तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. १९६५ पर्यंत नव्या मुली मिळेनाशा झाल्या. शाळेत मुलींना फुटबॉल नाही, मैदान नाही, तर मुली येणार कुठून? इंग्लंडमधली बंदी उठली १९७१ मध्ये, म्हणजे क्लब संपल्यावर सहा वर्षांनी. लिली पार १९७८ मध्ये वारली. राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयाच्या सन्मान यादीत तिचं नाव आलं २००२ मध्ये, आणि पुतळा उभा राहिला २०१९ मध्ये.