गोरोगोरो: ढग, मांजर आणि रविवारचे वडील

प्रश्न: मी जपानी शिकते आहे. ‘गोरोगोरो’ म्हणजे ढगांचा गडगडाट, असं पाठ केलं होतं. आता एका कथेत वडील रविवारी घरी ‘गोरोगोरो’ करतात, दुसरीत मुलीचा डोळा ‘गोरोगोरो’ करतो. असे शब्द समजून घ्यायचे कसे आणि मराठीत आणायचे कसे? – एक वाचक

उत्तर: मांजराची घुरघुरही गोरोगोरोच, आणि डोंगरावरून धोंडा येतो तोही गोरोगोरो. याचं नवल वाटू देऊ नका. आपल्याकडेही ढग गडगडतात आणि दगडही गडगडत खाली येतो.

शब्दकोशातले सगळे अर्थ पाठ करण्याआधी शेजारी कोण बसलंय ते पाहा. ‘कामिनारी’ म्हणजे वीज असेल तर गडगडाट, ‘मे’ म्हणजे डोळा असेल तर खुपणं. वडील मात्र नुसते लोळत पडलेत. इथे ‘गडाबडा लोळत होते’ लिहू नका. नादाच्या मोहाने मीही एकदा तसं लिहिलं आणि सुट्टी आळसात घालवणाऱ्या माणसाला पोटात कळ आल्यासारखं झालं.

कळेवरून आठवलं. जपानात असताना पोट दुखतं म्हणून दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी विचारलं, “किरिकिरि की शिकुशिकु?” शिकुशिकु मला फक्त मुसमुसत रडण्यासाठी ठाऊक होतं. पोट मुसमुसतं म्हणजे काय? शेवटी मूठ आवळून पिळून दाखवली. “आ, किरिकिरि,” म्हणत त्यांनी लिहून घेतलं. शिकुशिकु म्हणजे बारीक, रेंगाळत दुखणं, हे तेव्हा कळलं. ठणका लागला तर झुकिझुकि, चुरचुरलं तर हिरिहिरि.

या शेवटच्या ओळीतच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. जपानीत नादशब्द बहुधा क्रियापदाच्या शेजारी उभा राहतो, किंवा ‘सुरु’ म्हणजे ‘करणे’ जोडून घेतो. मराठीने असे कितीतरी नाद क्रियापदातच मुरवलेत: ठणकणं, चुरचुरणं, धडधडणं, लुकलुकणं. म्हणून जोडशब्दाला जोडशब्द शोधत बसू नका, नेमकं क्रियापद शोधा.

घोष व्यंजनाकडेही, म्हणजे ‘क’चा ‘ग’ होतो तिकडेही, कान असू द्या. कोरोकोरो घरंगळतो तो खडा, गोरोगोरो येतो तो धोंडा. चांदण्या किराकिरा असतात, डोळ्यांवर येणारं ऊन गिरागिरा.

मला सर्वांत अडवतो तो ‘शीन’, शांततेचा आवाज. मंगामध्ये, म्हणजे जपानी चित्रकथांमध्ये, तो लिहिण्याची सुरुवात आपण केली, असं मंगाकार तेझुका ओसामु यांनी म्हटलं आहे. शिक्षकांनी प्रश्न विचारल्यावरचा वर्ग असेल तर मी ‘चिडीचूप’ लिहिते, रात्रीची गल्ली असेल तर ‘सामसूम’. पण वाईट बातमी कळल्यावर घरभर पसरतो त्या ‘शीन’ला ‘सगळे सुन्न’ लिहिलं, की माणसं येतात आणि घर निसटतं. तिथे मी अजून दर वेळी थांबते.