उणे 11 घराणी

प्रश्न : आदरणीय बाई, मी समाजशास्त्रात पीएचडी करते आहे. नात्यांच्या जाळ्यांचा अभ्यास करायला संगणकाच्या आर भाषेतलं ‘अर्गम’ पॅकेज वापरते; जाळं कसं घडलं असेल याचं संख्याशास्त्रीय मॉडेल ते बांधतं. मला हवी ती मोजणी त्यात सापडली नाही, म्हणून स्वतःची टर्म, म्हणजे मॉडेलमधली एक मोजणी, लिहायला शिकते आहे. ‘अर्गम.यूजरटर्म्स’ हे नमुन्याचं पॅकेज घेतलं, त्यातली ‘मिनडिग्री’ टर्म (किमान अमुक इतके दुवे असलेले किती, हे मोजणारी) नीट वाचली आणि सरावासाठी तिच्या उलट टर्म केली : जास्तीत जास्त एकच सोयरीक असलेली घराणी किती? डेटा इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या 16 घराण्यांचा. हाताने मोजलं तर 5 घराणी येतात, संगणक −11 सांगतो. टर्मचा मोजणारा भाग सी भाषेत आहे, त्यातली अधिक-उण्याची चिन्हं उलटी केली तर 11 येतं. चूक कुठे आहे? रात्रभर चालवलेली मॉडेलं टाकून द्यायची का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुझं पत्र वाचलं आणि कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून त्यावर 16 ठिपके काढले. पंधराव्या शतकातल्या फ्लॉरेन्सची ही घराणी, आणि त्यांच्यातल्या 20 सोयरिकी. सगळ्यांत जास्त मेदिचींच्या, 6. अच्चायुओली, जिनोरी, लांबेर्तेस्की आणि पात्सी यांची प्रत्येकी एक, पुच्चींची एकही नाही. म्हणजे 5. तुझी हाताची मोजणी बरोबर आहे. तुझं सी देखील पहिल्या वेळी बरोबरच होतं. चूक आरच्या बाजूला आहे, एका ओळीची.

ती समजायला संगणक मोजतो कसं हे पाहावं लागेल. 16 घराण्यांत 120 जोड्या होतात. प्रत्येक जोडीत सोयरीक आहे किंवा नाही, म्हणून शक्य जाळी 2 चा 120 वा घात इतकी. ती सगळी तपासणं अशक्य, म्हणून मॉडेल एका जाळ्यापासून निघतं आणि एकेक जोडी उलटसुलट करत लाखो पावलं चालतं. दर पावलाला सगळी घराणी पहिल्यापासून मोजत बसलं तर फार वेळ वाया जाईल. म्हणून सी मधलं फंक्शन एकूण आकडा सांगतच नाही. ही एक सोयरीक जोडली किंवा मोडली तर आकडा कितीने बदलेल, एवढंच ते सांगतं. त्यासाठी दोनच घराण्यांकडे पाहावं लागतं.

मग ‘समरी’ या आज्ञेने एखाद्या जाळ्याची मोजणी विचारल्यावर एकूण आकडा येतो कुठून? संगणक रिकामं जाळं घेतो, त्यात तुझ्या 20 सोयरिकी एकेक करून घालतो आणि बदलांची बेरीज करतो. ही बेरीज सुरू होते शून्यापासून, कारण दुसरं काही तू त्याला सांगितलेलं नाहीस. मिनडिग्रीला शून्य चालतं; समजा तिला किमान 3 सोयरिकींची घराणी मोजायला सांगितली, तर रिकाम्या जाळ्यात तशी एकही नसतात. तुझ्या टर्ममध्ये मात्र रिकाम्या जाळ्यात 16 च्या 16 घराणी मोजली जातात. प्रत्येक घराणं दुसरी सोयरीक झाली की यादीतून बाहेर पडतं, −1. अशी 11 घराणी बाहेर पडली, म्हणून −11. सोयरिकी कुठल्याही क्रमाने घाल, तेच येईल. 16 मधून 11 गेले, उरले 5.

तेव्हा आरमधलं ‘इनिटअर्गमटर्म’ने सुरू होणारं तुझं फंक्शन जी लिस्ट परत देतं, तिच्यात ‘एम्प्टीएनडब्ल्यूस्टॅट्स’ (रिकाम्या जाळ्यातला आकडा) हा घटक घाल आणि त्याला जाळ्यातल्या एकूण घराण्यांची संख्या दे. 16 असं लिहू नकोस, ‘नेटवर्क.साइझ’ने काढ, नाहीतर तुझ्या स्वतःच्या डेटावर टर्म पुन्हा चुकेल. (नावं इथे देवनागरीत छापली आहेत, फाइलमध्ये ती रोमन अक्षरांत जातील.) पॅकेज पुन्हा बांधलंस की आर बंद करून नव्याने उघड. जुनी बांधणी मेमरीत राहिली तर दुरुस्ती करूनही −11 दिसत राहील.

मला काळजी वाटली ती तुझ्या दुसऱ्या प्रयत्नाची. +11 हा आकडा दिसायला अगदी साळसूद आहे. दोन किंवा जास्त सोयरिकी असलेली घराणी खरोखरच 11 आहेत! पत्रात ‘हाताने 5 येतात’ हे वाक्य नसतं तर ती टर्म तशीच प्रबंधात गेली असती. हाताने मोजायची सवय सोडू नकोस.

मॉडेलं टाकू नकोस. अंदाज काढताना दोन जाळ्यांमधला फरकच कामाला येतो. सुरुवातीचे 16 दोन्हीकडे सारखेच गळलेले असल्यामुळे −11 वाल्या टर्मचा गुणांक, म्हणजे मॉडेलने तिला दिलेलं वजन, बरोबर आहे. उलट्या चिन्हांच्या टर्मचा गुणांक उलट्या चिन्हाने वाच. फक्त कुठे ‘टार्गेट.स्टॅट्स’मध्ये, म्हणजे मॉडेलने गाठायचा आकडा सांगतात तिथे, 5 भरलं असशील, तर ते मॉडेल मात्र रद्द. −11 वर उभ्या असलेल्या टर्मला 5 गाठायला सांगणं म्हणजे 16 घराण्यांत 21 शोधायला लावणं.

आणखी एक तपासणी कर. समरी फक्त सोयरिकी जोडत जातं, म्हणून मोडण्याच्या बाजूची चूक तिथे कधीच दिसत नाही. त्यासाठी मॉडेलवरून नवी जाळी बनवणाऱ्या ‘सिम्युलेट’ने शंभरेक जाळी काढ, सोबत आलेले आकडे ठेव, आणि त्याच जाळ्यांवर समरी चालवून पडताळ. एखादा जरी आकडा जुळला नाही तर सी मधली सोयरीक मोडण्याची बाजू वाच. पात्सी–साल्व्याती सोयरीक मोडली तर साल्व्याती यादीत परत यायला हवेत, म्हणजे 6. पात्सी आधीच यादीत आहेत. सोयरिकींना दिशा नाही, म्हणून आत येणारे आणि बाहेर जाणारे दुवे तू मिळवले असणार. एकच बाजू घेतली असतीस तर 11 आलं नसतं.

हीच मोजणी तयारही मिळते : ‘डिगरेंज’ या अर्गममधल्या टर्मला 0 पासून 2 च्या आतपर्यंत सांग, 5 येईल. तुझ्या टर्मशेजारी ती ठेवून दोन्ही एकदम चालव. आणि खऱ्या डेटासाठी तुला कोणती मोजणी हवी आहे ते पत्रात आलेलं नाही. सी लिहायला बसण्याआधी ती मला कळव, अर्गमच्या चौथ्या आवृत्तीपासून काही मोजण्या तयार टर्म एकमेकींत गुंफूनही होतात.