आतड्यांतील जिवाणू आणि नैराश्य : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

नैराश्यावरील याआधीच्या लेखात आतड्यांतील जिवाणूंचा जेमतेम दोन वाक्यांत उल्लेख होता. आलेली बहुतेक पत्रे मात्र त्या दोन वाक्यांवरच आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून पाच प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : आतड्यांतील जिवाणू बिघडले की नैराश्य येते, असे हल्ली जिकडेतिकडे वाचायला मिळते. यात शास्त्र किती आणि जाहिरात किती? (निवृत्त शिक्षक, सातारा)

दोहोंमध्ये संबंध आहे, याबद्दल संशोधकांत आता फारसे दुमत नाही. त्यातले कारण कोणते आणि परिणाम कोणता, येथे मात्र घोडे अडते.

या विषयाला खरी चालना मिळाली ती जपानमधील क्युशू विद्यापीठात नोबुयुकी सुदो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगामुळे. जन्मापासून पूर्णपणे निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांना थोडा वेळ अरुंद नळीत कोंडले, तेव्हा त्यांच्या रक्तातील ताणाची संप्रेरके सामान्य उंदरांपेक्षा कितीतरी जास्त वाढली. त्यांच्या पोटात बिफिडोबॅक्टेरियम जातीचा एकच जिवाणू वसवल्यावर ही अतिरेकी प्रतिक्रिया आटोक्यात आली. पुढे २०११ मध्ये आयर्लंडमधील कॉर्क येथील जॉन क्रायन यांच्या गटाने लॅक्टोबॅसिलसच्या एका वाणाने उंदरांची भीती कमी होते, असे दाखवले. मेंदूपासून पोटापर्यंत जाणारी व्हेगस ही नस कापलेल्या उंदरांत तोच जिवाणू काहीच परिणाम करू शकला नाही, म्हणजे निरोप कोणत्या वाटेने जातो याचाही अंदाज आला. २०१६ मध्ये याच शहरातील संशोधकांनी नैराश्याच्या रुग्णांच्या विष्ठेतील जिवाणू प्रयोगशाळेतील मोठ्या जातीच्या उंदरांच्या पोटात सोडले. एरवी साध्या पाण्यापेक्षा साखरेचे पाणी पसंत करणारे हे प्राणी त्यानंतर त्या गोड पाण्याबद्दल उदासीन झाले. कशातही गोडी न वाटणे हे नैराश्याचे मुख्य लक्षण असल्यामुळे या निरीक्षणाचे महत्त्व मोठे आहे.

माणसांतील पुरावा याहून कच्चा आहे. बेल्जियममधील जेरोन रास यांच्या गटाने २०१९ मध्ये १,०५४ व्यक्तींचे नमुने तपासले. नैराश्य असलेल्यांच्या आतड्यांत कोप्रोकोकस आणि डायलिस्टर हे जिवाणू कमी आढळले, आणि औषधांचा परिणाम हिशेबातून वगळल्यावरही हा फरक उरला. परंतु नैराश्यात माणूस नीट जेवत नाही, झोपत नाही, घराबाहेर पडत नाही, त्याचे पोट साफ होत नाही; आणि यांपैकी प्रत्येक गोष्ट आतड्यांतील जिवाणूंची वस्ती बदलते. एकदाच घेतलेल्या नमुन्यावरून आधी मन बिघडले की आधी पोट, हे सांगता येत नाही. माझे मत विचाराल, तर बहुतेक रुग्णांत हे चक्र दोन्ही दिशांनी फिरते आणि त्याची सुरुवात शोधत बसण्यापेक्षा ते कोठे तोडता येईल हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

प्रश्न : शरीरातील नव्वद टक्के सेरोटोनिन पोटात तयार होते म्हणे. मग नैराश्य हा पोटाचाच आजार मानून पोटावरच उपचार का करू नयेत? (औषधनिर्माणशास्त्राची विद्यार्थिनी, कोल्हापूर)

आकडा बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. आतड्यांत तयार झालेले सेरोटोनिन मुख्यतः आतड्यांची हालचाल आणि स्राव सांभाळते. रक्त आणि मेंदू यांच्यामधील संरक्षक अडसर ते ओलांडू शकत नाही, त्यामुळे मेंदूला आपले सेरोटोनिन स्वतःच बनवावे लागते. त्यासाठी लागणारा ट्रिप्टोफॅन हा कच्चा माल मात्र अन्नातून येतो आणि मेंदूत जाऊ शकतो. तो किती शिल्लक राहावा, यात जिवाणूंचा आणि शरीरातील दाहाचा, म्हणजे प्रतिकारयंत्रणा चेतल्याने होणाऱ्या सुजेचा, हात असतो. नैराश्यावरील गोळ्या सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात मळमळते किंवा जुलाब होतात, त्याचे कारणही पोटातील हे सेरोटोनिनच आहे.

दाहाचा मार्ग मला सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो. मोठ्या आतड्यातील जिवाणू न पचलेले तंतुमय पदार्थ आंबवून ब्युटिरेट तयार करतात आणि आतड्याच्या अस्तरातील पेशी त्यावरच जगतात. हे अस्तर कमकुवत झाले की जिवाणूंचे अंश रक्तात शिरतात, प्रतिकारयंत्रणा सावध होते आणि तिची रसायने मेंदूपर्यंत पोहोचतात. अशा रसायनांनी मन खचू शकते, याचा पुरावा रुग्णालयांनी प्रत्यक्ष पाहिलेला आहे : हेपॅटायटिस सी या यकृताच्या आजारावर पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शने देत, तेव्हा आधी मानसिकदृष्ट्या ठणठणीत असलेल्या अनेक रुग्णांना उपचार सुरू असतानाच नैराश्य येत असे.

प्रश्न : माझी मुलगी आठ महिन्यांपासून नैराश्यावरील गोळ्या घेते आहे आणि तिला बरे वाटते. आमचे एक नातेवाईक म्हणतात की गोळ्यांची सवय लागेल, त्यापेक्षा प्रोबायोटिकची पावडर द्या. काय करावे? (एक आई, नाशिक)

ताई, गोळ्या बंद करू नका. अचानक बंद केल्यास चक्कर, अस्वस्थता, झोपमोड असा त्रास होतो आणि आजार उलटण्याचा धोका वाढतो. डोस कधी आणि कसा उतरवायचा, हे तिच्या डॉक्टरांनी ठरवायचे आहे. या गोळ्यांचे दारूसारखे व्यसन लागत नाही, हेही त्या नातेवाइकांना सांगायला हरकत नाही.

प्रोबायोटिकच्या, म्हणजे उपयुक्त मानलेल्या जिवंत जिवाणूंच्या, पावडरीबद्दल बोलायचे तर ही आशा नवी नाही. लंडनच्या बेथलेम रुग्णालयातील जॉर्ज पोर्टर फिलिप्स यांनी १९१० मध्ये विषादाच्या १८ रुग्णांना लॅक्टिक जिवाणू देऊन पाहिले आणि बहुतेक सुधारल्याचे लिहिले. पण तुलनेसाठी दुसरा गट ठेवला नव्हता, त्यामुळे त्या सुधारणेचे श्रेय कोणाला द्यायचे हे ठरवता येत नाही. वर उल्लेख केलेला, उंदरांची भीती घालवणारा लॅक्टोबॅसिलसचा वाण २०१७ मध्ये २९ निरोगी पुरुषांना देण्यात आला, तेव्हा तो तुलनेसाठी दिलेल्या, आत औषध नसलेल्या कॅप्सूलपेक्षा सरस ठरला नाही. याउलट, लंडनच्या किंग्ज कॉलेजने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, गोळ्यांनी पुरेसा गुण न आलेल्या ४९ रुग्णांपैकी काहींना आठ आठवडे अनेक वाणांचे मिश्रण दिले आणि त्यांची उदासी व चिंता इतरांपेक्षा अधिक कमी झाली. ही चाचणी लहान आहे. शिवाय तीत प्रोबायोटिक गोळ्यांच्या जोडीला दिले होते, गोळ्यांऐवजी नव्हे, ही बाब जाहिरातींत हमखास गाळली जाते.

मुलीला पावडर घेऊन पाहायचीच असेल, तर तिच्या डॉक्टरांना सांगून आणि गोळ्या चालू ठेवून घ्यावी. कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या किंवा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती खालावलेल्या व्यक्तीने मात्र हा प्रयोग परस्पर करू नये, कारण क्वचित हेच जिवाणू रक्तात शिरून संसर्ग करतात.

प्रश्न : मग रोजच्या जेवणात काय बदल करावा? दही-ताक पुरेसे आहे का? आणि विष्ठेतील जिवाणूंची महागडी तपासणी करून घ्यावी का? (गृहिणी, डोंबिवली)

शेवटच्या भागाचे उत्तर आधी देतो : नैराश्यासाठी ती तपासणी करू नका. निरोगी माणसाच्या जिवाणूंचे सर्वमान्य प्रमाण अजून ठरलेले नाही. अहवालातील रंगीत आलेखावरून कोणाला नैराश्य आहे हे कळत नाही, की कोणते औषध द्यावे हेही ठरत नाही. शिवाय आपल्याकडची वस्ती पाश्चात्त्यांपेक्षा वेगळी असते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील संशोधकांनी २०१६ मध्ये भारतीयांच्या आतड्यांत प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा या जिवाणूंचे प्राबल्य दाखवले होते. तेव्हा युरोपच्या मापाने काढलेला ‘असंतुलन’ हा शेरा आपल्याला लागू पडेलच असे नाही.

आहाराबद्दल ऑस्ट्रेलियातील फेलिस जॅका यांची २०१७ ची चाचणी पाहण्यासारखी आहे. नैराश्याच्या ६७ रुग्णांपैकी निम्म्यांना बारा आठवडे आहारतज्ज्ञाचे मार्गदर्शन मिळाले आणि उरलेल्यांना तितकाच वेळ गप्पांची सोबत. पहिल्या गटातील सुमारे ३२ टक्के रुग्ण आजारातून बाहेर आले, दुसऱ्यातील ८ टक्के. आपण कोणत्या गटात आहोत हे रुग्णांना ठाऊक होते, हा या चाचणीतला कच्चा दुवा आहे. तरीही सल्ला निरुपद्रवी आणि स्वस्त असल्यामुळे मी तो देतो. त्या आहारात डाळी-कडधान्ये, भाज्या, फळे, सुकामेवा, अख्खी धान्ये आणि मासे होते, आणि गोड, तळलेले व पाकीटबंद पदार्थ कमी केले होते. आपल्या स्वयंपाकघरात याचा अर्थ मटकी-चवळीची उसळ, ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे, आणि चहाबरोबरच्या बिस्किटांना सुट्टी. तंतुमय पदार्थ एकदम वाढवले तर पोट फुगते, म्हणून ते हळूहळू वाढवावेत.

घरचे दही-ताक जरूर घ्यावे, मात्र विरजणात कोणते वाण किती आहेत हे आपल्याला ठाऊक नसल्यामुळे त्याला औषध समजू नये. कढी उकळली, इडली वाफवली की त्यातले बहुतेक जिवाणू मरतात; पदार्थ पौष्टिक राहतो, पण जिवंत जिवाणूंसाठी ताजे ताकच हवे.

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे आहेत. चार महिन्यांपासून भूक नाही, पोट साफ होत नाही, गॅस होतो म्हणतात, पहाटे तीनला जागे होतात. सोनोग्राफी व्यवस्थित आहे. हे जिवाणूंचे असेल का? (मुलगा, लातूर)

हे नैराश्यही असू शकते, आणि जिवाणूंच्या आधी त्याचा विचार करायला हवा. वडीलधारी माणसे ‘मन लागत नाही’ असे सहसा म्हणत नाहीत, पोटाची तक्रार करतात. पहाटेची जाग आणि गेलेली भूक ही तर नैराश्याची जुनी खूण आहे. मात्र या वयात वजन घटत असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा शौचाची सवय नव्याने बदलली असेल, तर केवळ सोनोग्राफीवर न थांबता पोटविकारतज्ज्ञांना दाखवून दुर्बिणीची तपासणी लागेल का, हे विचारावे.

त्याच वेळी हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्यावे. वडील शाकाहारी असतील किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असतील, तर बी-१२ कमी असण्याची शक्यता बरीच आहे, आणि त्याच्या अभावानेही उदासी आणि विस्मरण होते. आपल्या मोठ्या आतड्यातील काही जिवाणू बी-१२ बनवतात, पण ते शोषले जाते त्याच्या अलीकडे, लहान आतड्याच्या टोकाला; म्हणून पोटात तयार होऊनही त्याचा आपल्याला उपयोग होत नाही आणि ते बाहेरूनच घ्यावे लागते.

आणखी एक गोष्ट आपण स्वतः करायची आहे. वडिलांजवळ निवांत बसून ‘जगण्यात राम उरला नाही, असे वाटते का? जीव नकोसा होतो का?’ असे स्पष्ट विचारा. विचारल्याने तसे विचार डोक्यात येत नाहीत. उत्तर ‘हो’ आले, तर त्यांना एकटे सोडू नका, घरातील कीटकनाशके आणि जास्तीच्या गोळ्या कुलपात ठेवा, आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. तज्ज्ञ जवळ नसतील, तर ‘टेली-मानस’च्या १४४१६ या शासकीय क्रमांकावर मराठीतून बोलता येते, तो दिवसरात्र चालू असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.