झिपला कुलूप, पण नावे उघडीच

प्रश्न : वडिलांचे मृत्युपत्र, सातबारा उतारे आणि वैद्यकीय अहवाल स्कॅन करून अमेरिकेतील बहिणीला ईमेलने पाठवायचे आहेत. फाइली एकत्र आवळणारा 'सेव्हन-झिप' हा प्रोग्रॅम वापरून पासवर्डची झिप फाइल केली, तर तेवढे पुरेसे आहे का? शिवाय आकार फारसा घटलेला नाही. काही चुकले असेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आकाराची चिंता सोडून द्या. स्कॅन केलेली पाने बहुधा जेपेग चित्रांच्या रूपात असतात आणि ती मुळातच आवळलेली असल्याने झिपमध्ये आणखी जागा वाचत नाही.

पासवर्डकडे मात्र नीट पाहायला हवे. या प्रोग्रॅममध्ये झिप हा प्रकार निवडला, की एन्क्रिप्शनसाठी, म्हणजे मजकूर कुलूपबंद करण्यासाठी, 'झिपक्रिप्टो' ही जुनी पद्धत आपोआप घेतली जाते. आतल्या मजकुराचा थोडासा भाग आधीपासून ठाऊक असेल, तर पासवर्ड न कळताही हे कुलूप उघडता येते, हे बिहाम आणि कोचर या संशोधकांनी १९९४ मध्येच दाखवून दिले होते. त्याऐवजी 'एईएस-२५६' ही अधिक भक्कम पद्धत निवडावी. तरीही झिपमध्ये एक उणीव उरतेच : आतील फाइलींची नावे झाकली जात नाहीत. एका स्नेह्यांनी मला अशी फाइल पाठवली होती; पासवर्ड टाकण्याआधीच 'बायोप्सी रिपोर्ट' ही अक्षरे समोर आली आणि मला फार वाईट वाटले. म्हणून झिपऐवजी याच प्रोग्रॅममधील 'सेव्हन-झेड' हा फाइल-प्रकार घ्यावा आणि पासवर्डच्या चौकटीखालील 'एन्क्रिप्ट फाइल नेम्स' या पर्यायावर खूण करावी. बहिणीच्या संगणकावरही 'सेव्हन-झिप' लागेल. मॅक असल्यास 'केका' हा प्रोग्रॅम चालेल.

नाव आणि जन्मवर्ष जोडून पासवर्ड करू नये. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मवर्ष असाच असतो, त्यामुळे ओळखीचा कोणीही तोच आधी लावून पाहील. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द जोडावेत आणि ते बहिणीला फोनवर सांगावेत. त्याच ईमेलमध्ये मुळीच लिहू नयेत. पासवर्ड हरवला, तर तो परत मिळवून देणारी कोणतीही सोय या प्रोग्रॅममध्ये नाही, म्हणून तो कागदावर लिहून मूळ दस्तांच्याच कपाटात ठेवावा.