गुझमानियाची कुंडी बदलल्यावर झाड हलते कशामुळे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : रोपवाटिकेतून आणलेला लाल तुऱ्याचा गुझमानिया आपण मे महिन्यात लहान प्लास्टिकच्या कुंडीतून काढून दहा इंची कुंडीत लावला, त्यासाठी लाल माती आणि शेणखत निम्मे निम्मे घेतले आणि रोज पाणी घातले. आता दोन महिन्यांनी खालची पाने बुडाशी तपकिरी पडली आहेत, तुऱ्याचा रंग उतरला आहे, झाड हात लावताच हलते आणि बुंध्याशी दोन पिल्ले दिसू लागली आहेत. यांपैकी तुऱ्याचा रंग उतरण्याशी आपल्या कुंडी बदलण्याचा काहीही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकतो. हे झाड आयुष्यात एकदाच फुलते. रोपवाटिकेतून ते बहुतेकदा तुऱ्यासकटच विकले जाते आणि काही महिन्यांनी रंग फिका पडतोच. त्यानंतर मूळ झाड वर्ष-दोन वर्षांत हळूहळू सुकत जाते आणि पिल्ले त्याची जागा घेतात. बाकीच्या दोन तक्रारी मात्र मातीच्या आहेत.

गुझमानिया मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतील दमट जंगलांतला. तेथे तो बहुधा मोठ्या झाडांच्या फांद्यांवर बसून वाढतो. आपल्याकडे आंब्याफणसाच्या खोडावर सीतेची वेणी हे ऑर्किड राहते, त्याच प्रकारचे हे राहणे आहे. बांडगुळाप्रमाणे तो यजमान झाडाचा रस शोषत नाही. त्याच्या मुळांचे मुख्य काम फांदीला धरून ठेवण्याचे असते. पाणी आणि क्षार घेण्याचे बरेचसे काम पाने करतात. पानांच्या बुडाशी जो पेला तयार होतो त्यात पावसाचे पाणी, पालापाचोळा आणि मेलेले किडे साचतात, आणि पानांवरचे सूक्ष्म खवले त्यातून हवे ते शोषून घेतात. अशा झाडाची मुळे ओल्या, दाबून बसलेल्या मातीत गाडली, की त्यांना हवा मिळत नाही, ती कुजतात आणि झाडाची पकड सुटते. आपले झाड हलते ते यामुळेच. मोठी कुंडी घेतल्याने यात भरच पडली, कारण मुळे जेथवर पोहोचतही नाहीत तेवढी माती आठवडाभर ओली राहते.

ही चूक मीही केली होती, आणि तिचे मूळ अननसात होते. अननस याच कुळातला. पोर्तुगीजांनी तो सोळाव्या शतकात भारतात आणला आणि आज कोकणात बांधाच्या कडेने तो सहज दिसतो. अननस जमिनीत चांगला वाढतो, मग त्याचा भाऊबंद का वाढू नये, असे मला वाटले होते. परंतु या कुळात जमिनीवरचे आणि झाडावरचे असे दोन्ही तऱ्हेचे सदस्य आहेत, आणि घरात शोभेसाठी ठेवले जाणारे गुझमानिया, एकमिया, निओरेगेलिया, व्रिसिया हे बहुतांशी दुसऱ्या तऱ्हेतले आहेत.

आता काय करावे ते सांगतो. झाड कुंडीतून काढा, मुळांभोवतीची माती हलक्या हाताने झाडून टाका आणि काळी, मऊ पडलेली मुळे कात्रीने कापून टाका. त्यानंतर मधल्या कोवळ्या पानांना अगदी हलका ताण देऊन पाहा. ती सहज निघून हातात आली आणि बुडाला आंबूस वास असेल, तर मूळ झाडाचा गाभा कुजलेला आहे आणि लक्ष पिल्लांकडे वळवलेले बरे. पाने घट्ट असतील, तर मुळे जवळपास नसली तरी झाड वाचते. बुडाची पूर्ण तपकिरी झालेली दोन-तीन पाने ओढून काढा आणि झाड एक दिवस सावलीत उघडेच ठेवा.

नवी कुंडी पाच-सहा इंचांचीच घ्या. मातीची घेतल्यास ती वजनाने झाडाला तोलून धरते आणि लवकर कोरडीही होते. भरावासाठी मी नारळाच्या सोडणाचे बोराएवढे तुकडे दोन भाग, लाकडी कोळशाचे तुकडे एक भाग आणि पेरलाइट (रोपवाटिकेत मिळणारे पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) एक भाग घेतो. पेरलाइट न मिळाल्यास विटेचे बारीक तुकडे चालतात. सोडणाचे तुकडे दोन-तीन वेळा पाणी बदलून भिजवून घ्यावेत, कारण त्यांत क्षार असू शकतात. नुसते कोकोपीट, म्हणजे सोडणाचा भुसा, वापरू नये. ते ओले झाले की चिखलासारखे बसते आणि आपण पुन्हा तेथेच येतो. खत या टप्प्यावर कोणतेच नको. झाड सर्वांत खालची पाने जेथून फुटतात त्या रेषेपर्यंतच बसवावे, त्याहून खोल नाही. खोल लावले म्हणजे झाड घट्ट बसेल, असे वाटते खरे. पण पानांचे बूड भरावात गेले की कूज तेथूनच सुरू होते.

झाडाला स्थिर ठेवण्याचे काम भरावाकडून नव्हे, आधाराकडून करून घ्यायचे असते. बांबूच्या तीन काड्या बुंध्याभोवती तिरक्या रोवून सुती दोऱ्याने झाड सैलसर पण न हलेल असे बांधा. नवी मुळे टोकाशी फार नाजूक असतात आणि झाड प्रत्येक वाऱ्याने डुलत राहिले तर ती पुनःपुन्हा मोडतात. हा एक मुद्दा पाळला तरी निम्मे काम झाले असे मी म्हणेन.

बांधण्यासाठी तांब्याची तार मात्र कदापि वापरू नये. विजेच्या कामातून उरलेली तार हाताशी होती म्हणून मी एकदा तिने व्रिसिया बांधला होता, आणि तारेखालची पाने महिन्याभरात काळी पडून ते झाड गेले. या कुळाला तांबे सोसत नाही. त्यामुळे पोफळीवर फवारतात ते बोर्डो मिश्रण किंवा तांबेयुक्त कोणतेही बुरशीनाशक त्यावर जाऊ देऊ नये, तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवलेले पाणी घालू नये, आणि एसीतून ठिबकणारे पाणीही मी घालत नाही, कारण ते आतल्या तांब्याच्या नळ्यांवरून आलेले असते.

पाण्याविषयी आणखी थोडे. लावल्यानंतर भराव एकदा भिजवावा आणि पुढे तो वरून एक-दोन इंच सुकल्याखेरीज पाणी घालू नये. पेल्यात मात्र तळाशी बोटभर पाणी असू द्यावे. जुलै महिना चालू असल्याने आपल्याला पावसाचे पाणी मिळेल, त्याहून चांगले काही नाही. बोअरवेलच्या जड पाण्याने पानांवर पांढरे डाग पडतात. आरओ यंत्राचे वाया जाणारे पाणी अनेक घरांत काटकसरीने झाडांना घालतात. त्यात मूळ पाण्यापेक्षा अधिक क्षार असल्यामुळे या झाडाला ते देऊ नये. कुंडी थेट पावसात मात्र ठेवू नका. मुळे नसलेले झाड सततच्या ओलीत टिकत नाही. खिडकीपासून दोन-तीन हात आत, उजेड भरपूर पण ऊन नाही, अशी जागा पहिले दोन महिने पुरेशी आहे.

पेल्यातले पाणी दर पाच-सहा दिवसांनी, कुंडी तिरकी करून, ओतून टाकावे आणि पेला धारेने धुऊन ताजे पाणी भरावे. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाला अशी लहान, स्वच्छ पाण्याची जागा फार आवडते आणि उबेत अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. महापालिकेचे कर्मचारी कुंड्यांखालच्या ताटल्या तपासतात, पण पानांच्या पेल्यात डोकावायचे त्यांच्याही लक्षात येत नाही, असा माझा अनुभव आहे. डास मारण्यासाठी पेल्यात तेलाचा थेंब टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. तेलाने पानांवरचे खवले बुजतात.

पाच-सहा आठवड्यांनी झाड दोन बोटांत धरून किंचित वर उचलून पाहा. कुंडीसह उचलले जाण्याइतका अडसर जाणवला, तर मुळे धरली आहेत. त्यानंतर काड्या काढाव्यात आणि हवे असल्यास पाण्यात विरघळणारे खत, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणाच्या चौथ्या हिश्श्याने, महिन्यातून एकदा भरावाला द्यावे.

पिल्लांना सध्या हात लावू नका. ती आईच्या उंचीच्या निदान एक तृतीयांश, शक्यतो निम्मी होईपर्यंत तिच्याच जिवावर वाढतात, आणि घाईने काढलेली बोटभर पिल्ले माझ्याकडे क्वचितच जगली आहेत. मूळ झाडाचा गाभा कुजलेला निघाला, तरी कुजका भाग छाटून पिल्ले बुंध्याच्या निरोगी तुकड्यासह तशीच नव्या भरावावर बसवावीत. सर्व ठीक असल्यास ती बहुधा हिवाळ्याच्या शेवटी काढण्याजोगी होतील. तेव्हा धारदार, स्वच्छ चाकूने आईच्या खोडालगत कापून, काप एक दिवस सुकू देऊन, चार इंची कुंडीत याच रीतीने काड्यांच्या आधाराने लावावीत. आईचे झाड तोवर कुरूप दिसू लागले असेल, पण एखादे हिरवे पान शिल्लक असेपर्यंत ते टाकू नये. पहिली पिल्ले काढल्यानंतर त्याच बुंध्याला आणखी एखादे पिल्लू पुष्कळदा येते.